सुईण, हलगी आणि अभ्यासक्रम

मिरज हे गाव दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे : दवाखाने आणि तंतुवाद्ये. लांबलांबून माणसे येथे रोगी घेऊन येतात, आणि येथले सतार-तंबोरे देशभर जातात. संगीत आणि परिचर्या या दोन विद्यांचा कॉलेजातला अभ्यासक्रम कसा घडला आणि तो घडताना कोण बाहेर राहिले, हे पाहायचे तर मिरजेपासूनच सुरुवात करावी लागते.

विष्णु दिगंबर पलुसकर कुरुंदवाडचे. लहानपणी दारूकामाच्या अपघातात डोळे अधू झाले म्हणून त्यांना उपचारासाठी मिरजेस आणले, आणि तेथे ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकले. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. त्याच्या दोन वर्षे आधी, १८९४ मध्ये, मिशनचे डॉ. वानलेस यांचे रुग्णालय त्याच गावात उघडले होते. त्याला जोडून पुढे परिचारिकांचे शिक्षणही सुरू झाले. ५ मे १९०१ रोजी पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. १९३१ साली ते मिरजेतच वारले, आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही शिडी आज खेड्यापाड्यातल्या क्लासांपर्यंत पोचलेली आहे.

या शिडीचे मोल मी कमी लेखीत नाही. पूर्वी गुरूच्या घरी वर्षानुवर्षे पाणी भरल्याशिवाय, किंवा त्या घराण्यात जन्मल्याशिवाय, विद्या मिळत नसे. छापील अभ्यासक्रम आला आणि फी भरून अर्ज करणाऱ्या कोणालाही, निदान कागदावर, परीक्षेला बसता येऊ लागले. भातखंडे यांनी उस्तादांकडून शेकडो चिजा मिळवून त्या स्वरलिपीसह मराठी पुस्तकांत छापल्या, दहा थाटांत राग बसविले. १९१६ साली बडोद्याला संगीत परिषद भरविली. १९२६ साली लखनौला कॉलेज उघडले. विद्या उघडी झाली ती अशी. परंतु कोणासाठी? दरबार आणि कोठी यांतून गाणे बाहेर काढून ते घरंदाज माणसांच्या दिवाणखान्यात नेणे, हा त्या सगळ्या खटपटीचा एक उघड हेतू होता. उस्तादांची नावे घराण्यांच्या टिपणात तरी उरली. आमच्या माणसांना तेवढीही जागा मिळाली नाही.

तबल्याच्या परीक्षेत एक ठरलेला प्रश्न असतो : तबल्याची अंगे सांगा. विद्यार्थी लिहितो, पुडी, किनार, लव, शाई, गजरा, वादी, गठ्ठे. पुडी कातड्याची, वादी कातड्याची, गजराही कातड्याचाच. हे कातडे कोणी सोलले, कोणी कमावले, हा प्रश्न लेखी परीक्षेत येत नाही. ढोर आणि चांभार यांच्या हातून आलेले कातडे तबल्यावर चढले की त्याला पूजेत बसवितात, त्यावर हळद-कुंकू वाहतात. तेच कातडे हलगीच्या कड्यावर चढले की ते गावकुसाबाहेर राहते.

आम्ही मातंग. माझे वडील आणि चुलते हलगी वाजवीत. लग्नात, वरातीत, जत्रेत, कुस्तीच्या फडात, मयतीला. हलगीबरोबर घुमके, कैताळ आणि सनई. वाजविण्यापूर्वी जाळावर हलगी शेकायची, म्हणजे कातडे ताणते. ती किती शेकायची हे कानाला कळते. मी आठवीत असताना वडिलांनी मला तालुक्याच्या गावी तबल्याच्या क्लासला घातले. परीक्षा दिली तर पुढे कुठे उपयोग होईल, असे त्यांना कोणी सांगितले होते. पहिल्या दिवशी गुरुजींनी माझा हात पाहिला आणि म्हणाले, "हा हलगीचा हात आहे. आधी हा मोडावा लागेल." तंत्राच्या दृष्टीने ते खोटे बोलत नव्हते. हलगी काठ्यांनी वाजते, तबला बोटांनी. परंतु दाराशी उभ्या असलेल्या वडिलांनी ते वाक्य ऐकले होते. परत येताना एस.टी.त ते एक शब्द बोलले नाहीत. मी तीन परीक्षा दिल्या. तीनतालाच्या सोळा मात्रा, नवव्या मात्रेवर काल, सगळे लिहिले. घरी ऐकून आलेल्या तालांना मात्र लिहायला नाव नव्हते, म्हणून ते लिहिले नाहीत. आता मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण 'संगीत' या विषयाच्या शेजारी 'लोककला' हा निराळा विषय ठेवावा लागतो, यातच वेशीची रेघ अजून दिसते.

परिचर्येची गोष्ट याच्या उलट घडली. गाणे उच्चवर्णीयांना हवे होते, म्हणून ते त्यांनी शुद्ध करून घेतले. रुग्णसेवा त्यांना नको होती. परक्याचे मलमूत्र काढणे, रक्त पुसणे, कोणत्याही जातीच्या देहाला हात लावणे, हे काम आपल्या मुलींनी करावे असे त्यांना वाटत नव्हते. त्यामुळे मिशनच्या रुग्णालयांत धर्मांतरितांच्या मुली पुढे आल्या, आणि त्यांत अस्पृश्य समाजातून आलेल्या पुष्कळ होत्या. मुंबई इलाख्यात परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा १९३५ साली झाला, नर्सिंगची पदवी १९४६ साली दिल्ली आणि वेल्लोर येथे सुरू झाली, इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा १९४७ साली आला. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात साऱ्या देशात सुमारे ७,००० परिचारिका मोजल्या आहेत, म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. मग त्या काळी खेड्यातल्या बायका बाळंत कोणाच्या हाताने होत होत्या?

सुईणीच्या. आमच्या भागात ती बहुधा मांगीण असे. नाळ कापणे, वार पुरणे, विटाळाचे कपडे काढणे ही कामे तिची. पाटलाच्या वाड्यात बाळाला पहिला हात तिचा लागे, आणि अंघोळ झाल्यावर त्याच बाळाला तिचा विटाळ होई. त्याच समाजातल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीने १८५५ साली 'ज्ञानोदया'त निबंध लिहिला. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परसुद्धा नसते, हे तीत तिने मांडलेले दुःख. दुसऱ्यांची बाळंतपणे करणाऱ्या जातीची ही स्थिती. त्याच्या काही महिने आधी, १८५४ मध्ये, फ्लॉरेन्स नाइटिंगेल क्रिमियाच्या युद्धातील जखमींच्या सेवेला गेल्या होत्या.

माझ्या धाकट्या बहिणीने बी.एस्सी. नर्सिंग केले. तिच्या वह्या मी इतिहासाच्या मास्तराच्या सवयीने चाळल्या. परिचर्येच्या मूलतत्त्वांत इतिहास होता. तो नाइटिंगेलपासून निघत होता. समाजशास्त्रात जातिव्यवस्थेचा उगम आणि वैशिष्ट्ये होती. प्रसूतिशास्त्रात दाईच्या अस्वच्छ पद्धती व त्यांचे धोके होते. तीन विषय, तीन वह्या. जातीने जिला सुईण केले ती बाई आणि धोक्यांच्या यादीतली दाई एकच आहे, हे एकाही वहीत नव्हते. प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना १८९७ साली गेलेल्या सावित्रीबाईही नव्हत्या.

माझी आजी सुईण होती. विळ्याने नाळ कापल्यामुळे धनुर्वात होऊन मुले दगावत, हे खरे आहे, आणि दवाखान्यांनी असंख्य जीव वाचविले हेही खरे. आजीने स्वतः सरकारी दाई प्रशिक्षण घेतले होते. त्यात मिळालेली पेटी, साबण, पाते, दोरा, ती जपून ठेवी. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, बाळंतपणे दवाखान्यात जाऊ लागली आणि तिचे काम थांबले. बहीण सुट्टीवर आली तेव्हा आजीने विचारले, "तुमच्या बुकात सुईणीचं काय लिवलंया?" बहीण जरा थांबली. म्हणाली, "आज्जी, हात धुवायचं लिवलंय." "त्ये तर मी पयल्यापास्नं धुतीया," आजी म्हणाली आणि चुलीकडे वळली. पोटावर हात ठेवून बाळ आडवे आहे की पालथे, हे ती सांगत असे. बहिणीला ते शिकायला एक सत्र लागले.

येथे आपल्या चळवळीशीही थोडे बोलले पाहिजे. गावकीची हलकी कामे सोडा, असे बाबासाहेबांनी सांगितले, ते योग्यच होते. बलुत्यासाठी आणि शिळ्या भाकरीसाठी वाजविलेली हलगी ही कला नव्हती, वेठ होती. मी माझ्या मुलाच्या हाती ती देणार नाही. परंतु वेठ टाकताना तिच्यातली विद्याही लाजेने टाकली गेली. आंबेडकरी जलशांनी ढोलकी आणि डफ वेगळ्या कामाला लावले होते, तो मार्ग आपल्या शिकलेल्या पिढीने पुढे अभ्यासाचा विषय केला नाही. आम्ही प्राध्यापक झालो आणि घरातल्या वाद्याचे नाव घेईनासे झालो. मी स्वतः नोकरीची पहिली पाच वर्षे स्टाफरूममध्ये वडील "शेतमजुरी करीत" एवढेच सांगत असे.

गेल्या वर्षी मी इतिहासाच्या विद्यार्थ्यांना स्थानिक इतिहासाच्या प्रकल्पासाठी घरातल्या किंवा वस्तीतल्या कोणा सुईणीची, वाजंत्र्याची माहिती लिहून आणायला सांगितली. एका मुलीने विचारले, "सर, संदर्भग्रंथाच्या जागी काय लिहू?" मी म्हणालो, "आजीचे नाव लिही." बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्या नावावर तांबडी रेघ मारून दोन गुण कापले. यंदाच्या विद्यार्थ्यांनाही मी तेच लिहायला सांगितले आहे.