भांडुप

मुंबईच्या ईशान्य उपनगरातील एक वस्ती; मध्य रेल्वेवर कांजूरमार्ग व नाहूर यांच्या दरम्यानचे स्थानक. पश्चिमेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, पूर्वेला ठाण्याची खाडी. मधल्या चिंचोळ्या पट्टीत आगरी-कोळ्यांचे गाव, भाताची खाचरे आणि मिठागरे होती.

गाव साधे, पण अगदी अनोळखी नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ल्यूक अ‍ॅशबर्नर यांच्या इथल्या जहागिरीत रमची भट्टी चाले. मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क यांना मुंबई-ठाणे-कल्याण रेल्वेची कल्पना सुचली तीही 1843 मध्ये, भांडुपच्या भेटीत. दहा वर्षांनी, 16 एप्रिल 1853 रोजी, बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली देशातील पहिली प्रवासी गाडी याच शिवारातून धावली. इतका मान मिळूनही भांडुप पुढे कित्येक दशके खेडेच राहिले.

1950 मध्ये ते बृहन्मुंबईत आले. आग्रा रोडलगत, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर, सिएट, एशियन पेंट्स यांसारखे कारखाने उभे राहिले आणि कोकणातून आलेल्या कामगारांनी डोंगरउतारावर चाळी बांधल्या. गणपतीत लोक कोकणात गेले की इथली टेंभीपाडा ही वस्ती निम्मी रिकामी होते, ही अतिशयोक्ती असली तरी फार मोठी नाही.

कारखान्यांच्या बऱ्याच जागांवर आता मनोरे आहेत. भांडुप संकुलात मात्र मुंबईला लागणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा शुद्ध होतो. आशियातील मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांत त्याची गणना होते. पूर्वेकडील उदंचन केंद्राचा परिसर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहणाऱ्यांना परिचित आहे. ठाणे खाडीला 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा मिळाला.