रांग कुठे लागली आहे? : घरच्या नेटच्या अडखळण्याच्या अभ्यासाची प्रस्तावना

घरी शंभर एमबीपीएसचे फायबर आहे. स्पीड टेस्ट केली की आकडा नव्वदच्या पुढे जातो. तरी रात्री नऊच्या सुमारास व्हिडिओ कॉलवर समोरच्याचा आवाज तुटतो, गेममधला गडी जागच्या जागी थिजतो आणि हलू लागतो तेव्हा त्याला कोणीतरी केव्हाच मारलेले असते. तक्रार नोंदवली की पलीकडून पुन्हा स्पीड टेस्ट करायला सांगतात; ती पुन्हा नव्वद दाखवते आणि तक्रार मिटल्याचा मेसेज येतो. दोन्ही बाजू खरेच बोलत असतात, पण वेगवेगळ्या गोष्टींबद्दल. या दोन गोष्टींमधला फरक ज्यांना समजून घ्यायचा आहे त्यांच्यासाठी हे पुस्तक आहे. त्यात संगणकशास्त्राचे विद्यार्थी आले, घरून काम करणारे आले, आणि ‘याला नेटचे कळते’ अशी सोसायटीत ख्याती झाल्यामुळे दर रविवारी कुणाच्या तरी घरी बोलावले जाणारेही आले. गणित बारावीपर्यंतचे पुरेल, तेही मोजक्या ठिकाणी.

स्पीड टेस्ट मोजते ती क्षमता, म्हणजे एका सेकंदात जास्तीत जास्त किती बिट जातील. विलंब म्हणजे एक पॅकेट निघून, पलीकडे पोहोचून, त्याचे उत्तर परत यायला लागणारा वेळ. स्टुअर्ट चेशायर यांनी १९९६ साली, स्टॅनफर्डमध्ये असताना, एका छोट्या आणि चांगल्याच तिखट टिपणात हा फरक मांडला होता. क्षमता वाढवणे सोपे आहे, दोन तारा टाकल्या की ती दुप्पट होते. पण कितीही तारा टाकल्या तरी एका पॅकेटला लागणारा वेळ त्यामुळे घटत नाही. टिपणातले मोडेम आज भंगारातही सापडणार नाहीत. युक्तिवाद मात्र जसाच्या तसा लागू आहे, आणि कंपन्यांच्या जाहिराती अजून पहिल्याच आकड्यावर चालतात.

विलंबाचा काही भाग निसर्गाचा आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, पोकळीतल्या वेगाच्या साधारण दोन तृतीयांश. म्हणजे हजार किलोमीटरला पाच मिलिसेकंद, जाऊन-येऊन दहा. नागपूरहून मुंबईतल्या सर्व्हरपर्यंत फायबरचा मार्ग हजार किलोमीटरचा धरला, तर दहा मिलिसेकंदांच्या आत उत्तर येणे शक्यच नाही. मुंबई ते लंडन सरळ रेषेत सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. तिथे किमान ७२ मिलिसेकंद, आणि समुद्रातली केबल सरळ रेषेत जात नसल्यामुळे प्रत्यक्षात शंभराच्या वर. ‘पिंग कमी करून देतो’ म्हणणारे ॲप विकत घेण्याआधी एवढा हिशेब ज्याने त्याने करावा.

हा विलंब मोठा असला तरी स्थिर असतो. खेळणारा त्याला सरावतो, आणि गेमचे सॉफ्टवेअरही तो झाकून घेते. सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता खेळाडूची हालचाल त्याच्या स्वतःच्या पडद्यावर आधीच दाखवण्याची युक्ती १९९६ च्या ‘क्वेकवर्ल्ड’पासून वापरात आहे. त्रास देतो तो वीस मिलिसेकंदांवरून एकदम आठशेवर जाणारा आणि पुन्हा वीसवर येणारा विलंब. अंतर तर बदललेले नसते. मग मधले ७८० मिलिसेकंद ते पॅकेट होते कुठे? बहुतेक वेळा ते कुठल्यातरी रांगेत उभे होते. ही रांग कुठे लागली, का लागली आणि ती कशी मोडायची, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे.

रांगांचे शास्त्र इंटरनेटहून पुष्कळ जुने आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे आग्नर क्रारूप एर्लांग यांनी १९०९ साली टेलिफोन कॉल किती आणि कसे येतात याचा संभाव्यतेच्या अंगाने विचार करणारा निबंध प्रसिद्ध केला. या ज्ञानशाखेची सुरुवात तिथून धरतात. तिच्यातले सर्वात साधे प्रतिमान घ्या. ग्राहक केव्हाही येतात, प्रत्येकाला लागणारा वेळ कमीजास्त असतो आणि सेवा देणारा एकच. तो निम्मा वेळ कामात असेल, तर तिथे जाणारा सरासरी वेळ प्रत्यक्ष कामाच्या दुप्पट होतो. नव्वद टक्के वेळ कामात असेल तर दहापट, पंच्याण्णवला वीसपट, नव्व्याण्णवला शंभरपट. पाच टक्के वर्दळ वाढली आणि वाट पाहणे दुप्पट झाले, असे या आलेखाच्या उजव्या टोकाला होते. इंटरनेटवरची वाहतूक तर या प्रतिमानाहूनही द्वाड. ती लोंढ्यांनी येते, हे बेलकोरच्या संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मोजून दाखवले. ‘नेट अजून पूर्ण भरलेही नव्हते, तरी का अडकले?’ या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे.

उरलेले अर्धे उत्तर बर्कलीमधून येते. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचा बर्कलीचा परिसर यांच्यामधला दुवा, अंतर जेमतेम चारशे यार्ड, सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. पॅकेट हरवत होती, पाठवणारे संगणक तीच पुन्हा पाठवत होते, आणि त्या पुन्हा पाठवण्यानेच कोंडी वाढत होती. व्हॅन जेकबसन यांनी, मायकेल कॅरल्स यांच्यासोबत, यावर काढलेला तोडगा १९८८ साली प्रसिद्ध झाला. पाठवणाऱ्याने वेग हळूहळू वाढवत न्यायचा, आणि पॅकेट हरवले की वाट भरली असे समजून मागे यायचे. आजच्या इंटरनेटचा संयम या कल्पनेवर उभा आहे. तिचा एक परिणाम विद्यार्थ्यांना हमखास विचित्र वाटतो: हरवलेले पॅकेट हा इथे बिघाड नसून निरोप आहे. तो वेळेवर पोहोचला तर सगळे सुरळीत चालते.

पुढे मेमरी स्वस्त झाली. मोडेम आणि राउटर बनवणाऱ्यांनी सरळ मनाने विचार केला की पॅकेट हरवणे वाईट, तेव्हा ते साठवायला भरपूर जागा द्यावी. साठवण मोठी झाली की पॅकेट हरवायला वेळ लागतो, निरोप उशिरा जातो, आणि तोवर पाठवणारा साठवण काठोकाठ भरून ठेवतो. २५६ किलोबाइटची साठवण कागदावर क्षुल्लक दिसते. पण एक एमबीपीएसच्या अपलोडवर ती रिकामी व्हायला सुमारे दोन सेकंद लागतात. त्या दोन सेकंदांत मागून आलेले तुमच्या आवाजाचे किंवा गेमचे पॅकेट शांतपणे शेवटी उभे असते. जॉन नेगल यांनी १९८५ सालीच अमर्याद साठवणीच्या जाळ्यावर एक टिपण लिहून धोक्याची सूचना दिली होती. ती विसरली गेली.

ती पुन्हा आठवून दिली जिम गेटिस यांनी. ‘एक्स विंडो’ प्रणालीच्या जन्मदात्यांपैकी एक आणि तेव्हा बेल लॅब्जमध्ये असलेला हा माणूस २०१० साली आपल्या घरातून मोठ्या फायली पाठवत असताना नेट का गुदमरते याच्या मागे लागला. फाइल जात असताना पिंग एक सेकंदाच्या वर जात होते आणि फाइल थांबली की जागेवर येत होते. त्याने या दुखण्याला ‘बफरब्लोट’ असे नाव दिले आणि ओळखीच्या सगळ्या जाणकारांना तेच मोजायला लावले. जगातल्या उत्तमोत्तम जाळ्यांवर काम केलेल्या माणसांच्या घरीही हेच निघाले, याचे मला अजून नवल वाटते. तोवर सगळेच जण केबल कंपनीला दोष देऊन गप्प बसले असावेत.

इलाज दोन वर्षांत आला. कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी २०१२ साली मांडलेल्या ‘कोडेल’ या पद्धतीत रांग किती लांब आहे याकडे पाहतच नाहीत. पॅकेटने तिच्यात किती वेळ काढला ते पाहतात. थोडा वेळ लागून ओसरणारी रांग चांगली, ती लोंढा पचवते. कायम तुंबलेली रांग वाईट, तिचा कुणालाच उपयोग नाही. म्हणून शंभर मिलिसेकंदांच्या अवधीत एकदाही प्रतीक्षा पाच मिलिसेकंदांच्या खाली आली नाही, तर एखादे पॅकेट टाकून द्यायचे. म्हणजे निरोप गेला. याला जोड मिळाली वेगवेगळ्या प्रवाहांना वेगळी रांग देण्याची, आणि ‘एफक्यू-कोडेल’ तयार झाले. महिन्याचा किराणा भरणाऱ्याची यादी चालू असताना काडेपेटी मागायला आलेल्याला वाणी मधेच ती काढून देतो, यादीवाल्याचे त्यात काही बिघडत नाही. हे सॉफ्टवेअर नेमके तेच करते. २०१८ साली त्याचे प्रमाणित वर्णन प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी त्याचा पुढचा अवतार ‘केक’ लिनक्सच्या मूळ आवृत्तीत आला. हे काम घराघरांतल्या राउटरपर्यंत नेण्यात डेव्ह टाट यांचा वाटा फार मोठा; त्यांचे २०२५ मध्ये निधन झाले.

घरी हा इलाज करताना एक गोष्ट उलटी वाटते. राउटरमध्ये कमाल वेग मुद्दाम मोजलेल्या वेगापेक्षा पाच-दहा टक्के कमी ठेवावा लागतो. रांग सर्वात अरुंद जागी लागते. ती जागा कंपनीच्या उपकरणात असेल तर तिच्यावर आपला ताबा नाही. वेग किंचित कमी केला की ती जागा आणि तिच्याबरोबर रांग आपल्या राउटरमध्ये येते. पैसे शंभरचे भरतो, मग नव्वदच का घ्यायचे, असा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो. दोन्ही प्रकारे रात्रीचा कॉल करून पाहिल्यावर तो सहसा पुन्हा येत नाही.

मात्र प्रत्येक अडखळण्याला बफरब्लोट म्हणण्याची नवशिक्यांना खोड लागते, तीही बरी नव्हे. फायबर आल्यापासून पुष्कळ घरांत अरुंद जागा वायफायमध्ये सरकली आहे. वायफायवर एका वेळी एकानेच बोलायचे असते. लांबच्या खोलीतला कमी रेंजचा फोन तेवढीच माहिती पाठवायला कितीतरी जास्त वेळ घेतो, आणि राउटरशेजारचा लॅपटॉपही त्याच्या गतीने चालू लागतो. ग्रनोबलच्या संशोधकांनी २००३ साली हे दाखवले. त्यावर लिनक्समध्ये चांगला उपाय यायला २०१७ उजाडले. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच, १, ६ आणि ११, आणि त्यात शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह. शिवाय कित्येक लॅपटॉप जोडलेले असतानाही अधूनमधून दुसरी वायफाय जाळी शोधायला आपली वाहिनी सोडून जातात. त्या क्षणांची पॅकेट खोळंबतात. झटके घड्याळ लावल्यासारखे ठराविक अंतराने येत असतील तर पहिला संशय सॉफ्टवेअरवर घ्यावा. माणसांची वर्दळ इतकी शिस्तीची नसते.

आता पद्धतीविषयी. आपले मुख्य हत्यार माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या मेरिलंडमधल्या प्रयोगशाळेत लिहिलेला ‘पिंग’ हा प्रोग्रॅम. एकाच वेळी दोन पिंग चालू ठेवायचे, एक घरच्या राउटरला आणि एक बाहेरच्या सर्व्हरला. आधी नेट मोकळे असताना, मग मोठी फाइल चढवत असताना. राउटरचेच पिंग उसळत असेल तर गुन्हेगार घरात, बहुधा वायफायमध्ये. राउटरचे शांत आणि बाहेरचे फक्त भार असताना उसळत असेल तर रांग लाइनच्या तोंडाशी. घरात काहीच चालू नसताना रोज संध्याकाळी बाहेरचे उसळत असेल, तर ती कोंडी कंपनीकडे किंवा त्याच्याही पलीकडे. तिथे आपल्या हाती नोंदी ठेवण्यापलीकडे फारसे काही नाही. आणि नोंदी ठेवताना सरासरीवर विसंबू नये. हजार पिंगांपैकी ९९० वीस मिलिसेकंदांचे आणि दहा एकेका सेकंदाचे असले तरी सरासरी तीसच येते. तीस पाहून कोणीही म्हणेल की सगळे ठीक आहे. त्या दहांनीच कॉलचा बट्ट्याबोळ केलेला असतो.

पॅकेटच्या वाटेवरचे टप्पे दाखवणारा ‘ट्रेसरूट’ वाचताना अधिक जपावे. मधल्या एखाद्या टप्प्यावर दोनशे मिलिसेकंद दिसले आणि पुढच्या सगळ्यांवर वीसच, तर मधल्या राउटरने फक्त आपल्या चौकशीला उत्तर द्यायला आळस केला आहे. वाहतूक पुढे नेण्याचे त्याचे मुख्य काम नीट चालू आहे. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की त्यासाठी स्वतंत्र प्रकरण लिहावे लागले.

राउटर बंद करून चालू करण्याबद्दलही बोलायला हवे, कारण तोच आपल्याकडचा राष्ट्रीय उपाय आहे. तो पुष्कळदा लागू पडतो. रांगा रिकाम्या होतात, वायफायची वाहिनी नव्याने निवडली जाते, अडकलेला प्रोग्रॅम सुटतो. पण यांतले नेमके काय झाले ते कधीच कळत नाही, आणि पुरावाही जातो. आधी पाच मिनिटे मोजा, मग खुशाल बटण दाबा.

काही गोष्टी या पुस्तकाच्या कक्षेबाहेर आहेत. जानेवारी २००८ च्या अखेरीस अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या केबल तुटल्या तेव्हा भारतातले नेट मंदावले; अशा वेळी राउटरच्या सेटिंगला हात लावून उपयोग नसतो. भूस्थिर उपग्रहाचे नेटही वगळले आहे. तो जवळपास ३६ हजार किलोमीटरवर असल्याने तिथला जवळजवळ अर्ध्या सेकंदाचा विलंब भौतिकशास्त्राने ठरवून टाकला आहे. याउलट ‘एलफोरएस’ ही नवी पद्धत, जिचे आराखडे जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, शेवटच्या प्रकरणात घेतली आहे. तिच्यात पॅकेट टाकून देण्याऐवजी त्यावर कोंडीची खूण करतात. जुन्या आणि नव्या वाहतुकीने एकाच रांगेत कसे नांदावे यावर जाणकारांत अजून जोरदार मतभेद आहेत. दोन्ही बाजू मी मांडल्या आहेत, आणि माझा कल ‘केक’कडे झुकलेला वाचकाला जाणवेलच.

प्रकरणे क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही. ज्यांचे नेट आजच अडखळते आहे त्यांनी थेट चौथ्या प्रकरणापासून सुरुवात करावी आणि रांगांचे गणित सवडीने पाहावे. प्रयोगांसाठी एक संगणक, दहा-पंधरा फुटांची लॅन केबल आणि राउटरचा ॲडमिन पासवर्ड लागेल. तो बहुधा राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या लेबलवर छापलेला असतो. लेबल गेले असेल तर केबलवाल्याला आधीच विचारून ठेवावे.