सदुसष्ट घरांची संख्या

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुपटीने ठेवीत जाण्याची गोष्ट आपण ऐकलीच असेल. आता पटाला चौसष्टऐवजी सदुसष्ट घरे आहेत असे समजा. सगळे दाणे मिळून होतील १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. या एकवीस आकडी संख्येचा निकाल लागायला अडीचशे वर्षांहून जास्त काळ गेला.

फ्रान्समध्ये मर्सेन नावाचा एक ख्रिस्ती मठवासी होता. देकार्त, फर्मा यांच्याशी त्याचा पत्रव्यवहार असे. १६४४ साली त्याने लिहून ठेवले की, ही मूळ संख्या आहे. म्हणजे एक आणि ती स्वतः, यांखेरीज तिला कशानेही निःशेष भाग जात नाही. एवढी मोठी संख्या हाताने तपासणार कोण? विद्वानाचा शब्द, तो चालला!

१८७६ मध्ये फ्रान्सच्याच ल्यूकाने एक युक्तीची कसोटी लावून दाखवले की, ही मूळ संख्या नव्हेच. पण तिला भाग कशाने जातो, ते त्या कसोटीतून कळेना. चोरी झाली खरी, चोर सापडेना, अशी गत.

तसा चोराचा माग थोडा ठाऊक होता. या संख्येला भागणाऱ्या कुठल्याही मूळ संख्येला १३४ ने भागले, तर बाकी १ च उरायला हवी. तरीसुद्धा अशा चौदा लाखांहून अधिक संख्या ओलांडाव्या तेव्हा पहिला विभाजक भेटतो! अमेरिकेच्या कोल या प्राध्यापकाने आणखी बारीक चाळण्या लावल्या. या कामी तीन वर्षांचे रविवार खर्ची पडले, असे म्हणतात. ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या गणित-सभेत त्याने उत्तर मांडले. सांगतात की, तो एक शब्दही बोलला नाही. फळ्याच्या एका बाजूला दोन सदुसष्ट वेळा घेऊन केलेल्या गुणाकारातून एक वजा केला. दुसऱ्या बाजूला १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७ असा गुणाकार केला. दोन्ही उत्तरे जुळली, सभेने टाळ्या वाजवल्या आणि कोल जागेवर जाऊन बसला.

गुरुजींनी वर्गात निदान नवाचा ताळा पाहावा. पहिल्या विभाजकाच्या अंकांची बेरीज ३७, दुसऱ्याची ६४, मोठ्या संख्येची १०९. नवाने भागल्यावर तिन्हींत बाकी १. आणि एके एक एक. ताळा जमला म्हणजे गुणाकार बरोबरच असतो असे मात्र नाही हं! त्यासाठी पाटी घेऊन सबंध गुणाकारच मांडावा लागेल.