'नल'चा इतिहास आणि अभावाचा प्रतियोगी : घटक-चाचणीतील एका दोषाच्या निमित्ताने

प्रस्तावना

प्रस्तुत लेखाचा विषय संगणकशास्त्रातील असला तरी त्याचे निमित्त धंतोलीतील आहे. नागपूरचा हा भाग डॉक्टरांची वस्ती म्हणूनच ओळखला जातो. 2023 साली आमच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी तेथील एका लहान रुग्णालयासाठी रुग्णनोंदणीची प्रणाली प्रकल्प म्हणून तयार केली. तीत एक नियम होता : डॉक्टरांनी औषध लिहिताच रुग्णाच्या पूर्वेतिहासातील ॲलर्जीची यादी तपासावी आणि ते औषध यादीत आढळल्यास इशारा द्यावा. या नियमाची घटक-चाचणी, म्हणजे युनिट टेस्ट, चालवताच 'नल रेफरन्स'चा दोष येऊन ती कोसळली. विद्यार्थ्याने त्या ओळीत सी शार्प भाषेतील प्रश्नचिन्ह टाकले. समोर काही नसेल तर पुढे जाऊ नये, असा त्या चिन्हाचा अर्थ. चाचणी हिरवी झाली. तपासणीच्या वेळी मी विचारले, ज्याचा पूर्वेतिहास नोंदलेलाच नाही अशा रुग्णाला पेनिसिलिन लिहिले तर काय होईल? करून पाहिले, तर इशारा आला नाही. 'नोंद नाही' याचा अर्थ प्रणालीने 'ॲलर्जी नाही' असा घेतला होता. ती अद्याप रुग्णालयात बसवलेली नव्हती, हे सुदैव.

एका प्रश्नचिन्हाने एवढा अर्थबदल का व्हावा, हे समजून घ्यायचे तर 'नल'च्या जन्मापर्यंत मागे जावे लागते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

सर टोनी होअर यांचा जन्म 1934 साली कोलंबो येथे झाला. ऑक्सफर्डमध्ये त्यांनी ग्रीक-लॅटिन वाङ्मय आणि तत्त्वज्ञान यांचा अभ्यास केला. 1965 च्या सुमारास निकलाउस विर्थ यांच्यासह अल्गॉल डब्ल्यू या भाषेची रचना करताना त्यांनी 'नल' संदर्भ आणला. स्मृतीतील वस्तूकडे बोट दाखवणारा संदर्भ कशाकडेच बोट दाखवत नसेल, तर त्याला हे मूल्य द्यायचे. विशेष असे की, याच होअर यांनी त्यापूर्वी एलियट ब्रदर्स कंपनीत अल्गॉल 60 चा संकलक लिहिताना मर्यादेबाहेरील प्रत्येक क्रमांक तपासला गेलाच पाहिजे, असा आग्रह धरला होता. इतका सावध मनुष्य नलच्या बाबतीत मात्र सैल पडला. ते अमलात आणणे फार सोपे होते, हे कारण त्यांनीच 2009 साली लंडनमधील एका परिषदेत सांगितले आणि आपल्या या निर्मितीला अब्ज डॉलरची चूक म्हटले. सी, सी प्लस प्लस, जावा, सी शार्प या भाषांमधून ही रिकामी जागा पुढे चालत आली.

होअर यांनी स्वतःला दिलेला दोष मला काहीसा अपुरा वाटतो. रिकामी जागा असणे यात चूक नाही. जगात वस्तू नसतात, तशा त्या कार्यक्रमातही नसणार. चूक आहे ती कोणत्याही अभावाला एकच चिन्ह देण्यात. आपल्या कार्यालयांतील लिपिकसुद्धा 'निरंक', 'लागू नाही' आणि 'माहिती उपलब्ध नाही' यांत फरक करतो. नॅकचा अहवाल भरलेल्या प्राध्यापकांना यावर अधिक सांगणे नलगे. संबंधात्मक विदागारांचे जनक एडगर कॉड यांनीही 1990 च्या आपल्या ग्रंथात अज्ञात मूल्य आणि लागूच न होणारे मूल्य यांसाठी दोन वेगळ्या खुणा सुचवल्या होत्या. व्यवहारात मात्र नल एकच राहिला.

न्यायदर्शनाचा दृष्टिकोन

भारतीय परंपरेत अभावाची चर्चा याहून कितीतरी काटेकोर आहे. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त अभाव हा सातवा पदार्थ असून त्याचे चार प्रकार आहेत : प्रागभाव, प्रध्वंसाभाव, अत्यंताभाव आणि अन्योन्याभाव. घट घडण्यापूर्वीचा त्याचा अभाव वेगळा आणि फुटल्यानंतरचा वेगळा. शिवाय नैयायिकांची अट अशी की, नुसते 'नाही' म्हणून भागत नाही. ज्याचा अभाव आहे तो प्रतियोगी, आणि जेथे अभाव आहे तो अनुयोगी, हे दोन्ही सांगावे लागतात. ही परिभाषा पाहू इच्छिणाऱ्यास भीमाचार्य झळकीकरांचा 'न्यायकोश' उपयोगी पडेल. त्याची 1928 ची आवृत्ती पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रसिद्ध केली आहे.

या कसोटीवर नल म्हणजे प्रतियोगी हरवलेला अभाव होय. आमच्या विद्यार्थ्याच्या ओळीत रुग्ण, त्याचा पूर्वेतिहास, त्यातील ॲलर्जींची यादी अशी टिंबांनी जोडलेली साखळी होती. दोषसंदेशाने ओळीचा क्रमांक सांगितला. साखळीतील कोणती कडी रिकामी, हे सांगितले नाही. अशा वेळी ओळ तोडून प्रत्येक कडी स्वतंत्र चलात ठेवणे हा जुना आणि आजही खात्रीचा उपाय आहे. जावाच्या 14 व्या आवृत्तीत, 2020 साली, कोणती कडी नल होती हे सांगणारा संदेश उपलब्ध झाला. होअर यांच्यानंतर पंचावन्न वर्षांनी प्रतियोगीचे नाव मिळू लागले, असे म्हणण्यास हरकत नसावी. सी शार्पने 2019 साली, आठव्या आवृत्तीत, कोणता संदर्भ रिकामा असू शकतो हे आधीच घोषित करण्याची सोय केली.

महाराष्ट्रातील एक संशोधन येथे नोंदवणे आवश्यक वाटते. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि अमेय करकरे यांचा स्मृतीतील संदर्भांच्या विश्लेषणावरील निबंध 2007 साली प्रसिद्ध झाला. ज्या वस्तूंचे काम संपले आहे त्यांच्याकडे जाणारे संदर्भ मुद्दाम नल करावेत, म्हणजे अडकलेली स्मृती मोकळी होईल, हा त्यातील विचार. न्यायाच्या भाषेत हा प्रध्वंसाभाव. पण तो घडवायला जाताना वाटेतीलच एखादी कडी नल असली, तर नवा दोष उद्भवेल. म्हणून ती वाट सुरक्षित असल्याचे आधी सिद्ध करण्यावर या संशोधकांनी भर दिला आहे. नल हे साधन म्हणून वापरतानाही किती सावधगिरी लागते, याचा हा नमुना आहे.

घटक-चाचणीतील नल

केंट बेक यांनी स्मॉलटॉक भाषेसाठी तयार केलेल्या चाचणी-साधनावरून 1997 साली एरिक गामा यांच्यासह जेयुनिट लिहिले. झुरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात त्याचा आरंभ झाला. घटक-चाचणीत तपासायचा भाग त्याच्या नेहमीच्या परिसरातून उचलून एकटा चालवला जातो. वेब सर्व्हरवर चालताना आपोआप मिळणारा विनंतीचा संदर्भ तेथे नसतो. विदागाराच्या जागी नकली वस्तू उभी असते. या नकली वस्तूला जे उत्तर शिकवलेले नाही ते विचारले, तर ती बहुधा नल परत करते. हा प्रागभाव : वस्तू अजून घडवलेलीच नाही. त्यावरील उपचार चाचणीच्या पूर्वतयारीत करायचा असतो, मूळ कार्यक्रमात नव्हे. आमच्या विद्यार्थ्याचे नेमके हेच झाले होते. नकली विदागाराने दिलेल्या रुग्णाला पूर्वेतिहास जोडायचे तो विसरला, आणि त्या विसराची दुरुस्ती त्याने औषध तपासणाऱ्या संहितेत केली. त्यामुळे चाचणीतील प्रागभाव आणि खऱ्या रुग्णाची अज्ञात माहिती, दोन्ही एकाच प्रश्नचिन्हाखाली गाडले गेले.

पुढे त्याने प्रश्नचिन्ह काढले आणि पूर्वेतिहासाला तीन स्पष्ट अवस्था दिल्या : ॲलर्जी आहे, ॲलर्जी नाही, विचारलेले नाही. मग नवी चाचणी लिहिली. पूर्वेतिहास विचारलेला नसेल, तर औषध लिहिण्यापूर्वी प्रणालीने डॉक्टरांना थांबवावे, अशी तिची अपेक्षा होती. ती पहिल्यांदा लाल आली. तो माझ्याकडे पाहू लागला; मी त्याला लालच राहू दे म्हटले, आणि आम्ही चहा घेऊन नियम पुन्हा लिहायला बसलो.