आंग ली : पहिल्या चित्रपटाआधीची सहा वर्षे

दिग्दर्शक व पटकथाकार आंग ली यांचा जन्म १९५४ साली तैवानमध्ये झाला. आई-वडील चीनमधून येऊन तेथे स्थायिक झालेले. वडील मुख्याध्यापक, मुलाने प्राध्यापक व्हावे ही त्यांची इच्छा. महाविद्यालयीन प्रवेश परीक्षेत दोनदा अपयश आल्यावर ली नाट्यकलेकडे वळले. पुढे अमेरिकेत त्यांनी इलिनॉय विद्यापीठात नाट्यशास्त्र व न्यूयॉर्क विद्यापीठात चित्रपटनिर्मितीचे शिक्षण घेतले.

शिक्षणानंतर सुमारे सहा वर्षे चित्रपट मिळाला नाही. घरी ते पटकथा लिहीत, स्वयंपाक करीत, मूल सांभाळीत. संसार शास्त्रज्ञ पत्नीच्या पगारावर चाले.

१९९० मध्ये तैवान सरकारच्या पटकथा स्पर्धेत त्यांच्या 'पुशिंग हँड्स' व 'द वेडिंग बँक्वेट' यांना पहिले व दुसरे पारितोषिक मिळाले. 'पुशिंग हँड्स' १९९१ मध्ये पडद्यावर आला. 'द वेडिंग बँक्वेट'ला १९९३ मध्ये बर्लिन महोत्सवात 'सुवर्ण अस्वल' विभागून मिळाले.

दोन्हींत अमेरिकेत वसलेला मुलगा आणि त्याच्याकडे आलेले वडीलधारे यांची कथा आहे. गाव सोडून वसलेल्या आपल्या घरांतही ती ओळखीची वाटेल. आम्हां बँकेतल्या माणसांना विचाराल, तर या कारकिर्दीचे पहिले भांडवल म्हणजे पत्नीचा पगार.