हार आणि हाताला काम

लढाई संपली की पराक्रमाचे पोवाडे गाइले जातात आणि रणांत पडलेल्यांची नावे शिळेवर कोरली जातात. ते योग्यच आहे. परंतु जो शिपाई जिवंत परततो, पण हात किंवा पाय रणांगणावर ठेवून परततो, त्याचा सन्मान कसा करावयाचा? हा प्रश्न शिळेने सुटत नाही. पुणे परिसरातील तीन संस्थांनी त्याला जे उत्तर दिले, ते आपण भगिनींनी समजून घेण्यासारखे आहे.

पहिले महायुद्ध १९१४ साली पेटले. ‘पुणे डिव्हिजन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सहाव्या डिव्हिजनबरोबर मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेल्या. कूत येथे डिसेंबर १९१५ मध्ये त्या वेढ्यात सापडल्या. धान्य संपत आले, घोडे कापण्याची वेळ आली. पुष्कळ हिंदी शिपायांनी ते मांस खाण्याचे प्रथम नाकारले. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करावी लागली आणि पुढे कैदेत हजारोंनी प्राण सोडले.

त्या आघाडीवरील जखमींना घेऊन इस्पितळी जहाजे मुंबई बंदरास लागत. जहाजातून उतरणारा जवान बहुधा शेतकऱ्याचा मुलगा. नांगर धरावयास हात उरला नाही, तर त्याने करावे काय? चार पैसे पेन्शन मिळाली, तरी ऐन पंचविशीत ओसरीवर बसून दिवस मोजावयाचे? राज्य परक्यांचे होते, युद्धही परक्यांचेच. पण तुटलेला हात आपल्या घरचा होता.

१९१७ साली मुंबईच्या गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने अशा जवानांसाठी धंदेशिक्षणाची शाळा मुंबईत निघाली. राणी मेरीचे नाव तिला देण्यात आले. पुढे ती खडकीस आली आणि तेथेच स्थिरावली. ‘तुला काय गमवावे लागले’ यापेक्षा ‘तुला आता काय करता येईल’ असे तिने जवानाला विचारले, हे तिचे मोठेपण होय.

दुसरे महायुद्ध चालू असतानाच, १९४४ साली, पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले. पाय गमावलेला जवान तेथे पुन्हा चालू लागला. स्वातंत्र्यानंतर १९६५ व १९७१ ची युद्धे झाली. पाठीच्या कण्याला इजा होऊन ज्यांचे कमरेखालचे अंग कायमचे लुळे पडले, त्यांना नुसता कृत्रिम पाय पुरणारा नव्हता. अशांसाठी १९७४ साली खडकीत पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर सुरू झाले. तेथे औषधोपचार आहेत, तसे काम आहे आणि खेळही आहेत.

असे का करावयाचे, याचे उत्तर मुरलीकांत पेटकर यांच्या चरित्रात सापडते. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचा हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळा झाला. उपचाराचा भाग म्हणून तो पाण्यात उतरला आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून त्याने सुवर्णपदक जिंकले. पॅरालिंपिकमधील भारताचे हे पहिलेच सुवर्णपदक. सरकारची पद्मश्री मात्र त्यांना २०१८ साली, म्हणजे ४६ वर्षांनी, मिळाली. हार उशिरा आला, पण तोवर त्यांना ताठ ठेवले ते पोहण्याने आणि श्रमाने.

१९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळला जातो. त्या दिवशी डब्यात नाणे टाकणे हे आपले कर्तव्यच आहे. पण त्या दिवशीच ते संपू नये. प्रत्येक गावात एखादा तरी माजी सैनिक असतो, एखादी वीरपत्नी असते. तिचा पेन्शनचा अर्ज कोठे अडला आहे काय, तिच्या मुलीची फी भरली गेली काय, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तिच्याबरोबर कोणी जाईल काय, ही चौकशी आपल्यासारखी मंडळे सहज करू शकतात. सत्काराची शाल एका संध्याकाळची असते. त्या घरची चूल वर्षभर पेटत राहावयाची असते, आणि चुलीची काळजी आपल्याइतकी कोणाला कळणार?