गाडीवर नाव : एका म्हणीतला विसरलेला रस्ता

‘कधी गाडीवर नाव, कधी नावेवर गाडी’ ही म्हण आपण सर्वांनीच शालेय वयात पाठ केलेली असते. तिचा अर्थही ठरून गेलेला आहे : दिवस पालटतात, आज जो दुसऱ्याला वाहून नेतो त्यालाच उद्या दुसऱ्याच्या खांद्यावर बसावे लागते. आम्हीही वर्गात वर्षानुवर्षे हाच अर्थ सांगत आलो. लक्ष्यार्थ एकदा रूढ झाला की वाच्यार्थाकडे कोणी वळून पाहत नाही, हे भाषेच्या अभ्यासकांना नव्याने सांगायला नको. या म्हणीच्या वाच्यार्थाकडे आमचे लक्ष गेले ते भंडारा जिल्ह्यात, पवनीहून गोसीखुर्दकडे जाणाऱ्या रस्त्यावर. एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत डोंगा पालथा घालून दोरांनी बांधलेला होता. मागे जाळ्यांवर दोघेजण बसले होते आणि ट्रॉली डांबरी रस्त्यावरून खडखडत धरणाच्या पाण्याच्या दिशेने चालली होती. म्हण डोळ्यांसमोरून जात होती, पण ती दैवाच्या फेऱ्याविषयी काही सांगत नव्हती. नाव जिथे आहे तिथे पाणी नाही आणि पाणी जिथे आहे तिथवर नाव आपण होऊन जाऊ शकत नाही, एवढेच ती सांगत होती.

प्रत्येक वाहन एका विशिष्ट भूमीसाठी घडवलेले असते. त्या भूमीवर ते वाहन, तिच्याबाहेर ते ओझे. या दोन अवस्थांमध्ये जो कोरडा पट्टा उरतो, त्याचा इतिहास फारसा कोणी लिहिलेला नाही. तरी त्याच्या खुणा जुन्या ग्रंथांत सापडतात. इ. स. पू. ३२६मध्ये पोरसाशी गाठ पडण्यापूर्वी अलेक्झांडरला झेलम ओलांडायची होती, आणि त्याच्या नावा मागे सिंधूवर राहिल्या होत्या. तेव्हा त्या नावा कापून, लहानांचे दोन आणि मोठ्यांचे तीन तुकडे करून, गाड्यांवर घालून झेलमपर्यंत आणल्या गेल्या आणि तिथे पुन्हा जोडल्या गेल्या, असे एरियन या इतिहासकाराने नोंदवले आहे. नावा कापून आणण्याची आज्ञा ज्या सेनानीला मिळाली, त्या कोइनसचे नाव इतिहासात राहिले. गाड्या हाकणाऱ्यांपैकी एकाचेही राहिले नाही.

दुसरे उदाहरण बर्फातले आहे. शॅकल्टनचे ‘एन्ड्युरन्स’ हे जहाज अंटार्क्टिकाजवळ बर्फात चिरडले जाऊन नोव्हेंबर १९१५मध्ये बुडाले. तीन होड्या मात्र वाचल्या होत्या. खलाशांनी त्या घसरगाड्यांवर चढवल्या आणि गळ्यात पट्टे अडकवून, ओबडधोबड बर्फावरून मोकळ्या पाण्याच्या दिशेने ओढायला सुरुवात केली. दिवसभराच्या श्रमांत जेमतेम मैल-दोन मैल अंतर कापले जाई. अखेर तो प्रयत्न सोडून त्यांनी तरंगत्या बर्फावरच मुक्काम ठोकला आणि एप्रिल १९१६मध्ये बर्फ फुटल्यावर होड्या पाण्यात लोटल्या. पुढच्या सागरप्रवासाच्या कथा जगभर गाजल्या. ओढण्याचे ते दिवस त्या कथांत थोडक्यात आटोपतात.

याच्या नेमके उलट चित्र आज थंड देशांत दिसते. तिथे बर्फावर चालणारी दुचाकी असते : मोटारसायकलच्या पुढच्या चाकाच्या जागी स्की आणि मागच्या चाकाच्या जागी दातेरी रबरी पट्टा. हिमराशीत ती वाऱ्यासारखी धावते, पण घरापासून बर्फापर्यंतचा रस्ता उघडा असतो. उघड्या डांबरावर तिचे हाल होतात, कारण पट्टा ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवरून घसरतो त्यांना ओलावा आणि थंडावा देण्याचे काम बर्फच करतो. बर्फ नसेल तर त्या तापतात, झिजतात, वितळतात. मोठ्या हिमवाहनांत इंजिनाचे पाणीही बहुधा उडणाऱ्या बर्फाने थंड होत असते. म्हणजे बर्फ ही या वाहनाची केवळ वाट नव्हे, ते त्याचे वंगणही आहे. म्हणून शहाणा माणूस ते गाडीवर लादून नेतो. थोडक्या अंतरासाठी जो तसेच दामटतो, तो वाहनाच्या आयुष्यातून त्याची किंमत मोजतो.

हिमवाहनावर ही वेळ का आली, याचा इतिहास उद्‌बोधक आहे. कॅनडातील क्वीबेक प्रांतात हिवाळ्यात खेड्यांचे रस्ते बर्फाखाली जात. १९३४च्या हिवाळ्यात जोसेफ-आर्मां बोंबार्दिये या तरुण यंत्रकाराचा लहान मुलगा, त्याला इस्पितळात नेता न आल्यामुळे दगावला. बर्फावर चालणारे वाहन घडवण्याचा बोंबार्दियेचा ध्यास त्यापूर्वीचाच होता. १९३७मध्ये त्याला पट्टा फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या यंत्रणेचे पेटंट मिळाले आणि सात माणसे बसतील अशी त्याची वाहने डॉक्टर, टपालवाले, धर्मगुरू यांना घेऊन गावोगाव फिरू लागली. मग १९४८मध्ये प्रांतिक सरकारने हिवाळ्यात रस्ते बर्फमुक्त ठेवण्याचे ठरवले. लोकांच्या दृष्टीने ही सोयच होती. बोंबार्दियेची विक्री मात्र एकाएकी घसरली. त्याने खाणी-जंगलांसाठी वाहने बनवली आणि १९५९मध्ये ‘स्की-डू’ हे हलके वाहन बाजारात आणले. ते मुख्यतः मौजेचे वाहन ठरले. गरजेचे वाहन हौसेचे झाले, कारण त्याच्या पायाखालची भूमी शासनाने काढून घेतली होती. वाहन तेच, पण आता त्याला बर्फ शोधत जावे लागू लागले.

गोसीखुर्दच्या रस्त्यावरचा डोंगा आम्हाला याच इतिहासाच्या ओळीत बसलेला दिसतो, फरक एवढाच की त्याच्या वाट्याला हौस आलेली नाही. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते वैनगंगेवरील या धरणाची पायाभरणी झाली. मूळ अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता, तो पुढे अनेक पटींनी वाढला. अडीच लाख हेक्टर जमीन भिजवण्याचे स्वप्न आणि ३३ दरवाजांची लांबलचक भिंत एका बाजूला. भंडारा व नागपूर जिल्ह्यांतील ऐंशीहून अधिक गावांचे विस्थापन दुसऱ्या बाजूला. ढिवर समाजासाठी नदी ही अंगणाच्या टोकाला होती. डोंगा काठावर खुंटीला बांधलेला असे, आणि घरापासून तिथवरच्या पायवाटेला ‘रस्ता’ म्हणावे असे कोणाच्या मनातही येत नसे. नवे गावठाण वर, कोरड्यावर वसले. तिथून पाणी दूर राहिले, आणि ते एका जागीही राहत नाही. पावसाळ्यानंतर फुगते, उन्हाळ्यात मागे सरकते आणि मध्ये चिखलाचा पट्टा सोडून जाते. शिवाय नागपूरचे सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानमार्गे याच जलाशयात येते. त्यामुळे पाण्यापर्यंत पोहोचल्यावरही ते पूर्वीचेच पाणी भेटेल याची खात्री नाही.

म्हणीचा दुसरा अर्धाही याच परिसरात पाहायला मिळत असे. जलाशयाच्या वरच्या अंगाला अंभोरा आहे. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ (शके १११०) इथे रचला गेला की अंबेजोगाईला, हा वाद आपल्या परिचयाचा आहेच. त्या अंभोऱ्याला आता मोठा पूल झाला आहे. तो होण्यापूर्वी पलीकडे जायचे तर डोंग्यात मोटारसायकल आडवी-उभी चढवून, तिचा मालक हँडल धरून उभा राहत असे. नावेवर गाडी! पूल झाला हे चांगलेच झाले, त्याविषयी आम्हाला हळहळ नाही. क्वीबेकचे रस्ते मोकळे झाले हेही चांगलेच झाले. प्रश्न वेगळा आहे. भूमी बदलण्याचा निर्णय एक जण घेतो आणि मधल्या कोरड्या पट्ट्याचा खर्च दुसऱ्यावर पडतो. ट्रॅक्टरचे भाडे ढिवराच्या मासळीतून जाते. ते प्रकल्पाच्या कोणत्याही अंदाजपत्रकात धरलेले नसते.

मराठीप्रमाणे हिंदीतही ही म्हण आहे आणि दोन्हीकडे तिचा सूर समजुतीचाच आहे : आज तुझी पाळी, उद्या माझी. या समजुतीत नाव आणि गाडी यांचे पारडे समान धरलेले असते. परंतु गाडीवर चढलेल्या नावेला उतरायला पाणी मिळेलच असे नाही, आणि दोन्ही वेळा ओढणारा व वल्हवणारा माणूस बहुधा एकाच थरातला असतो. म्हण रचणाऱ्यांना हे ठाऊक नसेल असे आम्हाला वाटत नाही. काठावर राहणाऱ्या माणसांनीच ती रचली असणार. ते विसरलो ते आपण, अर्थ लिहून घेताना आणि लिहून देताना. यापुढे वर्गात ही म्हण आली की रूढ अर्थ सांगून झाल्यावर मुलांना आणखी एक प्रश्न घालावा, असे आम्ही ठरवले आहे : ती गाडी कोणी ओढली, आणि किती लांब?